सीपीआरचा हात कसा बसवावा: मराठवाड्यातील इंटर्न आणि नवोदित डॉक्टरांसाठी

एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षातील बहुतेक विद्यार्थ्यांना तीस दाबांमागे दोन श्वास हे प्रमाण तोंडपाठ असते, ॲड्रिनॅलिनचा डोसही ठाऊक असतो, आणि तरीही कॅज्युअल्टीत स्ट्रेचरवरचा पेशंट डोळ्यांदेखत निपचित पडला की पहिले अर्धे मिनिट बीपीचा कफ शोधण्यात, मनगटाची नाडी पुन्हा पुन्हा चाचपण्यात आणि जेआरला (ज्युनिअर रेसिडेंट डॉक्टरला) फोन लावण्यात निघून जाते. भारतातील वैद्यकीय महाविद्यालयांत वेळोवेळी झालेल्या पाहण्यांतही बेसिक लाइफ सपोर्टच्या (बीएलएस, म्हणजे जीव वाचवण्याच्या प्राथमिक उपचारांच्या) साध्या प्रश्नांवर विद्यार्थी आणि इंटर्न यांचे गुण अपेक्षेपेक्षा कमीच आढळले आहेत. शॉकने सुधारू शकणारा अरेस्ट (हृदय थांबणे) असेल आणि सीपीआर (छातीदाब आणि कृत्रिम श्वास) सुरूच झाला नाही, तर पेशंट वाचण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटते. त्यामुळे ते अर्धे मिनिट वाया जाऊ नये, यासाठी नेमका कोणता सराव करावा हे येथे मांडले आहे.

हे लेखन घाटी (छत्रपती संभाजीनगर), अंबाजोगाई, नांदेड, लातूर येथील जुन्या महाविद्यालयांत आणि धाराशिव, परभणी, जालना, हिंगोली येथे अलीकडे सुरू झालेल्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आहे, तसेच बाँडवर (शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेत) एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एकट्याने रात्रपाळी सांभाळणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठीही आहे. शहरातल्या मोठ्या हृदयरोग केंद्राला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले अल्गोरिदम आपल्याकडे जसेच्या तसे लागू पडतातच, परंतु आपल्याकडच्या पेशंटमध्ये श्वास आधी थांबतो आणि हृदय नंतर थांबते असे प्रसंग पुष्कळ असतात. सर्पदंश, कीटकनाशकाची विषबाधा, विहिरीत बुडणे, न रडलेले नवजात बाळ या सगळ्यांत हेच घडते. म्हणून छातीदाबाच्या बरोबरीने अंबू बॅगचा (हाताने दाबून श्वास देण्याच्या पिशवीचा) हात बसवावा, असा माझा आग्रह आहे; आपल्या प्रशिक्षणात याच कौशल्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते.

कार्ड मिळाले म्हणजे कौशल्य टिकले असे नाही

बीएलएस किंवा एसीएलएसच्या (त्यापुढील प्रगत प्रशिक्षणाच्या) कार्यशाळेनंतर मिळणारे कार्ड दोन वर्षे चालते. हातातले कौशल्य मात्र तीन ते सहा महिन्यांत उतरणीला लागते, हे जगभर पुन्हा पुन्हा दिसून आले आहे. कार्यशाळा अवश्य करावी, पण तिला सुरुवात मानावे. २०१९पासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमात पहिल्या वर्षाच्या फाउंडेशन कोर्समध्येच प्रथमोपचार आणि बीएलएसची ओळख करून दिली जाते. तेथून इंटर्नशिपपर्यंत चार वर्षांहून अधिक काळ जातो आणि या मधल्या काळात कित्येकांचा मॅनिकिनला (सरावाच्या पुतळ्याला) हातही लागत नाही. पहिल्या वर्षी शिकलेले इंटर्नशिपमध्ये आपोआप आठवेल, अशी अपेक्षा कोणीही ठेवू नये.

त्याऐवजी थोडा पण वारंवार सराव करावा. आठवड्यातून एकदा दहा मिनिटे मॅनिकिनवर घालवणारा इंटर्न वर्षातून एकदा दोन दिवसांची कार्यशाळा करणाऱ्यापेक्षा अधिक तयार असतो. ही व्यवस्था कशी लावायची ते पुढे सांगितले आहे. त्याआधी सराव नेमका कशाचा करायचा ते पाहू.

अरेस्ट ओळखणे

हाक मारून, खांदे हलवून प्रतिसाद नाही आणि श्वास नाही किंवा फक्त उचकीसारखे तुटक श्वास आहेत, एवढे दिसले की मदतीसाठी मोठ्याने हाक द्यावी आणि मानेतील कॅरोटिड नाडी पाहावी. त्यासाठी किमान ५ आणि जास्तीत जास्त १० सेकंद द्यावेत. दहा सेकंदांत नाडी खात्रीने लागली नाही, तर ती नाही असे धरून छातीदाब सुरू करावा. तुटक श्वासांना जिवंतपणाचे लक्षण मानून थांबणे ही कॅज्युअल्टीत वरचेवर दिसणारी चूक आहे. नातेवाईक "अजून श्वास चालू आहे, साहेब" असे सांगत असतात आणि नवीन डॉक्टर त्यावर विश्वास ठेवतो. असा श्वास अरेस्टनंतरची पहिली काही मिनिटे दिसू शकतो. त्याला श्वास समजू नये.

मॉनिटरची वाट पाहू नये. ईसीजीचे लीड लावून झाल्यावर छातीदाब सुरू करणे हा उलटा क्रम आहे.

छातीदाब

हाताचा तळवा छातीच्या मधोमध, स्टर्नमच्या (छातीच्या मधल्या हाडाच्या) खालच्या अर्ध्या भागावर ठेवावा, दुसरा हात त्यावर ठेवावा, कोपर ताठ आणि खांदे हातांच्या नेमके वर असावेत. प्रौढांत खोली किमान ५ सेंमी असावी आणि ६ सेंमीच्या पुढे जाऊ नये. गती मिनिटाला १०० ते १२० असावी. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी. दमलेला माणूस नकळत छातीवर रेलून राहतो, छाती पूर्ण फुलत नाही आणि हृदयात रक्त परत भरायला जागाच उरत नाही. म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलावा. "मला थकवा आलेला नाही" असे सांगणाऱ्यालाही बदलावे, कारण दाबांची खोली माणसाला थकवा जाणवण्याच्या आधीच कमी होऊ लागते.

आपल्या वॉर्डांतील एक अडचण येथे सांगायला हवी. लोखंडी खाट, तिच्यावर मऊ झालेली गादी आणि उंचीने लहान इंटर्न, अशा जुळणीत दाबाचा मोठा भाग गादीच गिळून टाकते. पाठीखाली फळी सरकवावी. ती नसेल तर खाटेच्या डोक्याकडचा निघणारा भाग काढून वापरावा. दाब देणाऱ्याने लाकडी स्टूलवर उभे राहावे, अथवा खाटेवर गुडघा टेकवावा. पेशंटला जमिनीवर उतरवण्यात वेळ घालवू नये. प्रत्येक वॉर्डात स्टूल कोठे असते हे पहिल्या दिवशीच पाहून ठेवावे. ड्रेसिंगच्या खोलीत कुलूपबंद असलेले स्टूल कोणाच्याही कामाचे नाही.

छातीदाब थांबलेला एकूण वेळ जितका कमी तितके चांगले. संपूर्ण सीपीआरच्या काळात किमान ६० टक्के आणि जमल्यास ८० टक्के वेळ हात छातीवर चालू असले पाहिजेत. याचे मोजमाप करायला महागडे यंत्र लागत नाही: सरावाच्या वेळी एकाने मोबाइलच्या स्टॉपवॉचवर दाब थांबला की वेळ सुरू करावी, दाब सुरू झाला की बंद करावी, आणि पाच मिनिटांच्या शेवटी थांबलेला वेळ सगळ्यांना वाचून दाखवावा. श्वासनलिकेत ट्यूब टाकताना, नाडी पाहताना, माणूस बदलताना किती सेकंद गळतात हे पहिल्यांदा ऐकल्यावर विद्यार्थी स्वतःच अस्वस्थ होतात, आणि पुढच्या फेरीत तो वेळ कमी झालेला दिसतो.

अंबू बॅग

हा भाग सावकाश वाचावा, कारण बॅग दाबणे दिसायला सोपे आणि करायला अवघड आहे.

मास्क नाकाच्या पुलापासून हनुवटीच्या खोबणीपर्यंत बसेल असा घ्यावा. डोळ्यांवर येणारा किंवा हनुवटीच्या खाली लोंबणारा मास्क हवा गळू देतो. डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी मास्कवर कंस करून ठेवावी, उरलेली तीन बोटे जबड्याच्या हाडाखाली अडकवावी. बोटे हाडावरच असावीत, हनुवटीखालच्या मऊ भागावर नसावीत, कारण तेथे दाबल्यास जीभ मागे सरकून श्वासमार्ग आणखी बंद होतो. मास्क चेहऱ्यावर दाबण्याऐवजी जबडा मास्ककडे वर ओढावा. नव्या हातांना हा फरक शब्दांनी कळत नाही, म्हणून शिकवणाऱ्याने विद्यार्थ्याच्या बोटांवर स्वतःची बोटे ठेवून जबडा उचलून दाखवावा. एकदा ती ओढ हाताला कळली की छाती लगेच वर येते.

बॅग एका सेकंदात, छाती वर येताना दिसेल एवढीच दाबावी. प्रौढाला साधारण ५०० ते ६०० मिली हवा पुरते आणि प्रौढांची बॅग त्याहून बरीच मोठी असते, त्यामुळे ती पूर्ण चेपण्याची गरज नसते. ऑक्सिजन मिनिटाला १० ते १५ लिटर ठेवावा आणि मागची रिझर्व्हायरची पिशवी फुगली आहे याची खात्री करावी. ट्यूब पडेपर्यंत तीस दाबांनंतर दोन श्वास. ट्यूब पडल्यावर दाब न थांबवता दर सहा सेकंदांना एक श्वास. नाडी आहे पण श्वास नाही, अशा प्रौढ पेशंटलाही दर सहा सेकंदांना एकच श्वास द्यावा.

येथेच सगळ्यांत मोठी गडबड होते. घाबरलेला इंटर्न बॅग मिनिटाला तीस-चाळीस वेळा दाबतो. छातीतला दाब वाढून हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते, पोट हवेने फुगते आणि उलटी श्वासमार्गात जाते. बॅग हातात असलेल्याने मोठ्याने "एक, दोन, तीन, चार, पाच, श्वास" असे मोजत राहावे. मोजण्याचा आवाज ऐकू येणे बंद झाले की टीमच्या प्रमुखाने त्याच्याकडे पाहावे.

छाती वर येत नसेल तर बॅग जोराने दाबू नये. डोके पुन्हा मागे करावे, मास्क नव्याने बसवावा, तोंडातला स्राव किंवा अन्न सक्शनने काढावे, गुडेल एअरवे (जीभ मागे पडू न देणारी तोंडातली नळी) घालावा. त्याची लांबी तोंडाच्या कोपऱ्यापासून जबड्याच्या कोनापर्यंत मोजून घ्यावी आणि पेशंटला उमासे येत असतील तर तो घालू नये. तरीही जमत नसेल तर दोघांनी मिळून काम करावे, एकाने दोन्ही हातांनी मास्क धरावा आणि दुसऱ्याने बॅग दाबावी. दात नसलेल्या, गाल आत गेलेल्या वृद्ध पेशंटमध्ये एकट्याचा हात बहुधा पुरत नाही, तेथे सुरुवातीपासूनच दोघे असावेत. नीट बॅग करता येत असेल तर ट्यूब टाकण्याची घाई नसते, हे प्रत्येक तरुण डॉक्टरने मनावर कोरून घ्यावे.

आपल्याकडचे प्रसंग

मण्यारचा दंश बहुतेक वेळा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला होतो. दंशाच्या जागी फारशी सूज नसते, कधी खूणही सापडत नाही. पहाटे पोटात दुखते म्हणून आणलेल्या पेशंटच्या पापण्या अर्ध्या मिटलेल्या असतात, आवाज घोगरा होतो, थुंकी गिळता येत नाही, उशीवरून मान उचलायला सांगितले तर ती उचलली जात नाही. त्याला एका श्वासात मोजायला सांगावे. दर काही मिनिटांनी आकडा कमी होत असेल तर बॅग, मास्क आणि सक्शन आधीच खाटेशी आणून ठेवावे. श्वास थांबला की बॅग सुरू करावी आणि व्हेंटिलेटर मिळेपर्यंत, १०८ रुग्णवाहिकेतील संपूर्ण प्रवासातही, ती चालू ठेवावी. प्रतिविष द्यायचेच असते, परंतु मण्यारच्या विषाने आलेला लकवा प्रतिविषाने लगेच उतरत नाही. त्या काळात पेशंटला जगवते ती बॅग. अशा पेशंटच्या बाहुल्या मोठ्या आणि प्रकाशाला न हलणाऱ्या असू शकतात, हात-पाय पूर्ण सैल असतात, आणि तरीही तो पूर्ण शुद्धीत असू शकतो, सगळे ऐकत असतो. बाहुल्यांवरून त्याला मृत ठरवू नये. त्याच्याशी बोलावे, "तुमचा श्वास आम्ही देतो आहोत, घाबरू नका" असे सांगावे, आणि त्याच्या खाटेशी उभे राहून त्याच्या मृत्यूची चर्चा कोणी करू नये.

कीटकनाशक प्यायलेल्या पेशंटमध्ये आधी स्वतःचे हातमोजे घालावेत, त्याचे कपडे काढून अंग धुवावे, तोंडातला फेस सतत सक्शन करावा. ऑर्गॅनोफॉस्फेट (कीटकनाशकांचा एक गट) असेल तर ॲट्रोपीन १.८ ते ३ मिलिग्रॅमने सुरू करून दर पाच मिनिटांनी डोस दुप्पट करत जावे, छाती स्वच्छ होईपर्यंत, नाडी ८०च्या वर जाईपर्यंत आणि रक्तदाब सावरेपर्यंत. येथे विद्यार्थ्यांचा गोंधळ उडतो, म्हणून स्पष्ट करतो: २०१०च्या मार्गदर्शक सूचनांपासून असिस्टोलच्या (मॉनिटरवर सपाट रेषा असलेल्या अरेस्टच्या) नेहमीच्या उपचारातून ॲट्रोपीन वगळले आहे, विषबाधेतील त्याचे स्थान अबाधित आहे. दोन गोष्टी एकमेकींत मिसळू नयेत. अशा पेशंटला ट्यूब टाकावी लागली तर सक्सिनिलकोलीन (स्नायू सैल करणारे औषध) टाळावे, कारण त्याचा परिणाम कित्येक तास लांबू शकतो.

विहिरीतून किंवा शेततळ्यातून काढलेल्या माणसाला उलटे धरणे, पोटावर दाबून पाणी काढणे असले प्रकार गावात होतात. ते शांतपणे पण ठामपणे थांबवावेत. येथे सुरुवात श्वासांपासून करावी आणि मग छातीदाब द्यावा, कारण मूळ अडचण ऑक्सिजनची आहे. सामान्य नागरिकांसाठी इंडियन रिससिटेशन कौन्सिलने २०१७मध्ये फक्त छातीदाबाची सोपी पद्धत मांडली आणि गावात शिकवायला ती उत्तम आहे. डॉक्टरने मात्र बुडालेल्या पेशंटमध्ये तेवढ्यावर थांबू नये.

शेतात एकाच वेळी अनेकांवर वीज पडली असेल, तर नेहमीचा क्रम उलटा करावा. जे विव्हळत आहेत ते बहुधा वाचणार आहेत. जे निपचित पडले आहेत त्यांच्याकडे आधी धावावे. विजेच्या झटक्यानंतर हृदय आपोआप सुरू होऊ शकते, पण श्वसनाचे केंद्र बराच वेळ बंद राहते, आणि त्या वेळेत कोणी श्वास दिला नाही तर हृदय पुन्हा थांबते. मोटारीच्या किंवा तारेच्या विजेचा धक्का असेल तर आधी वीजपुरवठा बंद करून घ्यावा आणि मगच पेशंटला हात लावावा.

नवजात बाळ

प्रसूतिगृहातील सराव वेगळा आणि तितकाच आवश्यक आहे. २००९पासून चालू असलेल्या नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमाचे प्रशिक्षण मिळाले तर सोडू नये. बाळ रडले नाही, तर कोरडे करणे, उब देणे, मान योग्य स्थितीत ठेवणे, गरज असल्यास तोंड आणि मग नाक साफ करणे आणि पाठ चोळणे हे सगळे आटोपून पहिल्या मिनिटाच्या आत मास्कने श्वास सुरू झाला पाहिजे. गती मिनिटाला ४० ते ६० असते. "दाब, सोड, सोड" असे म्हणत राहिल्यास ती आपोआप जमते. पूर्ण दिवसांच्या बाळाला सुरुवातीला साधी हवा पुरते. छाती वर येते आहे अशा ३० सेकंदांच्या श्वासांनंतरही हृदयाची गती ६०च्या खाली असेल तरच छातीदाब द्यावा, आणि तो तीन दाबांमागे एक श्वास या प्रमाणात. छाती वरच येत नसेल तर दाबाकडे न वळता मास्क आणि मान दुरुस्त करावी.

शॉक आणि औषधे

मॉनिटरवर व्हीएफ किंवा नाडीविरहित व्हीटी (शॉकने सुधारू शकणाऱ्या हृदयाच्या दोन बिघडलेल्या लयी) दिसले की ताबडतोब शॉक द्यावा. शॉकच्या बायफेजिक यंत्रावर निर्मात्याने सांगितलेली, साधारण १२० ते २०० ज्यूल, आणि मोनोफेजिकवर ३६० ज्यूल शक्ती वापरावी. यंत्र चार्ज होत असताना छातीदाब चालू ठेवावा आणि शॉकनंतर नाडी न पाहता लगेच दोन मिनिटे दाब द्यावेत. सपाट रेषेला शॉक देऊ नये. मात्र लीड सुटली नाही ना, हे पाहावे.

ॲड्रिनॅलिन १ मिलिग्रॅम दर तीन ते पाच मिनिटांनी द्यावे, शॉक न देण्याजोग्या लयीत शक्य तितके लवकर. आपल्याकडच्या १ मिलीच्या अँप्युलमध्ये १ मिलिग्रॅम असते. लहान मुलाला देताना ते सलाइन घालून १० मिली करावे आणि किलोमागे ०.१ मिली द्यावे, म्हणजे १० किलोच्या मुलाला १ मिली. हे गणित अरेस्टच्या वेळी करू नये. सिरिंज भरण्याचा सरावच करून ठेवावा. औषधानंतर २० मिली सलाइन सोडून हात थोडा वेळ उंच धरावा. तीन शॉकनंतरही लय बदलली नाही तर अमिओडॅरोन (लय सावरणारे औषध) ३०० मिलिग्रॅम, नंतर गरज पडल्यास १५० मिलिग्रॅम.

पेशंट गर्भवती असेल आणि गर्भाशय नाभीपर्यंत किंवा त्याच्या वर आलेले असेल तर एकाने ते हातांनी सतत डावीकडे सरकवून धरावे, आणि प्रसूतिशास्त्राच्या टीमला त्याच क्षणी बोलवावे. पाच मिनिटांत नाडी परतली नाही तर बाळ बाहेर काढण्याची तयारी आधीच झालेली असावी.

बोलण्याचा सराव

एकाच वेळी पाच जण सूचना देत असतील तर कोणतीच पाळली जात नाही. पहिला पोहोचलेला डॉक्टर, मग तो इंटर्न का असेना, वरिष्ठ येईपर्यंत प्रमुख असतो. त्याने नाव घेऊन काम सांगावे आणि काम करणाऱ्याने ते पुन्हा म्हणून दाखवावे. "सिस्टर, ॲड्रिनॅलिन एक मिलिग्रॅम द्या." "ॲड्रिनॅलिन एक मिलिग्रॅम दिले, दोन वाजून दहा मिनिटे." एकाने कागदावर वेळा लिहाव्यात. मामा आणि मावशी (वॉर्डातील मदतनीस) यांनाही काम नेमून द्यावे. सिलिंडर कोण आणणार, लिफ्ट कोण थांबवणार हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

वरिष्ठांना टोकणे आपल्याकडे अवघड जाते. प्राध्यापक दाब देत आहेत आणि दाब उथळ झाले आहेत, हे दिसूनही इंटर्न गप्प राहतो. त्यासाठी वाक्य आधीच ठरवून ठेवावे: "सर, दोन मिनिटे झाली, आता मी घेतो, तुम्ही मॉनिटर पाहा." यात कोणाचाही अवमान होत नाही आणि पेशंटला ताजे हात मिळतात. विभागप्रमुखांनी सरावाच्या वेळी मुद्दाम उथळ दाब देऊन पाहावे आणि कोण बोलते ते नोंदवावे. असा एखादा सराव दहा व्याख्यानांपेक्षा जास्त शिकवतो.

नातेवाईकांशी बोलायला एक माणूस वेगळा काढावा. त्यांना वॉर्डाबाहेर ढकलून दार लावून घेतले की संशय वाढतो. हृदय थांबले आहे, आम्ही ते सुरू करण्याचा प्रयत्न करत आहोत, पाच-दहा मिनिटांनी पुन्हा येऊन सांगतो, एवढे साध्या मराठीत सांगावे आणि खरोखर परत येऊन सांगावे.

आठवड्याचा सराव कसा लावावा

स्किल्स लॅब आता जवळपास प्रत्येक महाविद्यालयात असते, अडचण असते ती किल्लीची. बॅचच्या प्रतिनिधीने बधिरीकरणशास्त्र विभागप्रमुखांमार्फत लेखी अर्ज करावा आणि आठवड्यातील एक ठरावीक वेळ मागावी. सहा ते आठ जणांचा गट पुरे. मोबाइलवर मेट्रोनोम ११०वर लावावा, दोन मिनिटे दाब द्यावेत, एकाने बाजूने व्हिडिओ घ्यावा. स्वतःचे वाकलेले कोपर व्हिडिओत दिसल्यावर ते सुधारायला कोणी सांगावे लागत नाही. मॅनिकिन नसेल तर सराव रद्द करू नये: बॅग आणि मास्क बसवणे, सिरिंज भरणे, कामे वाटणे आणि मोठ्याने बोलणे या सगळ्याला मॅनिकिन लागत नाही. मात्र जिवंत सहकाऱ्याच्या छातीवर दाबाचा सराव कधीही करू नये.

महिन्यातून एकदा, वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरांच्या परवानगीने, रिकाम्या खाटेवर मॉक कोड (अरेस्टची रंगीत तालीम) घ्यावा, आणि तो रात्रपाळीत घ्यावा, कारण माणसे तेव्हाच कमी असतात. लॅबमध्ये न दिसणाऱ्या गोष्टी येथे उघड होतात: लॅरिंगोस्कोपचा (ट्यूब टाकताना घसा पाहण्याच्या उपकरणाचा) दिवा लागत नाही, सिलिंडर भरलेले आहे पण त्याची चावी दुसऱ्या वॉर्डात आहे, सक्शनची नळी फाटलेली आहे, लहान मुलांचा मास्कच नाही. प्रत्येक त्रुटी वहीत लिहावी आणि ज्याच्या हातात तिची दुरुस्ती आहे त्याचे नाव पुढे लिहावे. ड्यूटी सुरू होताना क्रॅश कार्ट (आणीबाणीच्या साहित्याची ट्रॉली) तपासण्यास दोन मिनिटे लागतात. दिवा लावून पाहावा, बॅगचे तोंड तळहाताने बंद करून दाबून पाहावी, मास्कचे आकार पाहावेत, ॲड्रिनॅलिनची मुदत वाचावी.

खऱ्या अरेस्टनंतर, पेशंट वाचो वा न वाचो, त्याच ठिकाणी पाच मिनिटे थांबून तीन प्रश्न विचारावेत: काय नीट झाले, वेळ कोठे गेला, पुढच्या वेळी कोण काय वेगळे करील. कोणाला दोष देण्यासाठी ही बैठक नसते, आणि प्रमुखाने तसे आधीच सांगावे. ज्या इंटर्नच्या हाताखाली पहिला पेशंट गेला, त्याच्याशी वरिष्ठाने त्याच रात्री स्वतः बोलावे. त्याला एकटे हॉस्टेलवर पाठवू नये.

प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाल्यावर

तेथे टीम म्हणजे तुम्ही आणि एक सिस्टर, कधी शिपाई, कधी वाहनचालक. पहिल्या आठवड्यातच अंबू बॅग शोधावी: एक प्रौढांची, एक नवजातांची साधारण २५० मिलीची, आणि बाळांचे ० व १ क्रमांकाचे मास्क. त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून कपाटात ठेवलेल्या असतील, तर बाहेर काढून प्रसूतिगृहात आणि तपासणीच्या खोलीत हाताशी ठेवाव्यात. रबर चिकटले असेल किंवा व्हॉल्व्ह अडकत असेल तर लगेच मागणीपत्र लिहावे. वीज गेल्यावर चालेल असे पायाने चालवायचे सक्शन आहे का तेही पाहावे.

वाहनचालक आणि शिपाई यांना छातीदाब शिकवावा. त्यांना पाच सेंटिमीटर आणि शंभर ते एकशेवीस हे आकडे सांगण्याची गरज नाही. जोरात, भरभर, आणि छाती पूर्ण वर येऊ देऊन, एवढे तीन शब्दप्रयोग आणि हातावर हात ठेवून दिलेला दहा मिनिटांचा सराव पुरतो. मग अरेस्टच्या वेळी तुमचे हात बॅगसाठी मोकळे राहतात, सिस्टर औषधे भरतात आणि १०८ला फोन करण्यासाठीही कोणीतरी उरते. आशा ताईंच्या मासिक बैठकीत पंधरा मिनिटे मागून घ्यावीत, मण्यारच्या दंशाच्या खुणा आणि बुडालेल्या माणसाला उलटे न धरणे एवढेच त्यांना सांगावे. आणि केंद्रात नवा माणूस बदलून आला की त्याला उपस्थितीचे रजिस्टर दाखवण्याआधी अंबू बॅग कोठे आहे ते दाखवावे, ती त्याच्या हातात द्यावी आणि एकदा दाबून पाहायला सांगावे.